नाक धरून, खाड्यांसकट

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी एकवीस वर्षं हजेरीपट सांभाळते. आधी कार्डाचं पंचिंग होतं, मग अंगठ्याचं मशीन आलं, आता चेहरा दाखवायचं आलंय. पण महिनाअखेरीला कुणाचे किती दिवस भरले, कुणाचे लेट मार्क किती, कुणाची सीएल, म्हणजे किरकोळ रजा, शिल्लक आणि कुणाचा खाडा, हे सगळं शेवटी माझ्याच टेबलावर येऊन निस्तरतं. खाडा हा शब्द मी दिवसातून पन्नासदा तरी उच्चारत असेन. माझ्या प्राणायामाच्या गोष्टीत तो येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

सुरुवात झाली कंपनीच्या वार्षिक तपासणीत. मे महिना, बाहेर रणरणतं ऊन, आणि माझं बीपी 152/94. डॉक्टरांनी पाच मिनिटं बसवून परत घेतलं, तरी दीडशेच्या खाली यायला तयार नाही. वय सत्तेचाळीस. गोळी सुरू झाली, लोणचं-पापड बंद झाले, रोज अर्धा तास चाला म्हणाले. निघताना म्हणाले, "आणि प्राणायाम वगैरे करत जा." डॉक्टर लोक प्राणायामाला नेहमी 'वगैरे' जोडतात, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. किती, कधी, कुठला, ते त्या वगैरेत गेलं.

त्यानंतर महिन्याभरात 21 जून आला. 2015 पासून हा दिवस आंतरराष्ट्रीय योग दिवस म्हणून पाळतात. आमच्याकडेही कँटीनशेजारच्या शेडमध्ये सतरंज्या अंथरून, एचआरच्या साहेबांसकट सगळे मांडी घालून बसतात. दरवर्षी मी मागच्या रांगेत बसून केळ्याची वाट बघायची, कारण शेवटी प्रत्येकाला एक केळं आणि पाण्याची बाटली मिळते. त्या वर्षी मात्र पुढे बसले. घरी येताना लक्ष्मी रोडला उतरून जांभळ्या रंगाची चटई घेतली आणि घरात जाहीर केलं: उद्यापासून पहाटे पाच.

अकरा दिवस केलं. बाराव्या दिवशी साताऱ्याला नात्यातलं लग्न होतं, रात्री एकला घरी पोचलो, सकाळी उठवेना. तेराव्या दिवशी गजर झाला तेव्हा मनात आलं, मोडलंच आहे आता, पुढच्या सोमवारपासून नव्याने लागू. तो सोमवार आला नाही. चटई पलंगाखाली गेली. पुढच्या उन्हाळ्यात सासूबाईंनी गच्चीत तिच्यावर सांडगे घातले.

दुसरा प्रयत्न ऑगस्टातला. तो सांगायला जरा लाज वाटते. मोबाइलवर एकाचं बघून कपालभाती सुरू केली. पोट खटाखट आत मारायचं, मजा यायची, काहीतरी जोरदार चाललंय असं वाटायचं. मध्ये आठ-दहा दिवस राहिलं. मग एका रविवारी ठरवलं की राहिलेलं सगळं आज भरून काढायचं. सहाशे ठोके मारायचे होते, साडेतीनशेपर्यंत पोचले. बोटांना मुंग्या आल्या, मग ओठांभोवती, मग भिंतीवरचं घड्याळ एका बाजूला कलायला लागलं. यजमान पेपर टाकून धावत आले. त्यांना वाटलं हार्ट अटॅक. तसं काही नव्हतं. जोरजोरात श्वास फेकत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त निघून जातो, त्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरतं. बोटांच्या मुंग्यांचं कारणही तेच. हे मला नंतर कळलं. त्या रविवारी एवढंच कळलं की बीपीवाल्या बाईने न विचारता हे करायला नको होतं.

कारखान्यात ओव्हरटाइमला दुप्पट पगार असतो. इथे दुप्पट चक्कर होती.

*

दिवाळीनंतर आमच्या सोसायटीतल्या एकीने सिंहगड रस्त्यावरच्या एका गणपती मंदिराच्या सभामंडपात चालणाऱ्या वर्गाला नेलं. शनिवार-रविवार, सकाळी सात. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या, सगळे त्यांना ताई म्हणतात. त्यांचं शिक्षण लोणावळ्याच्या कैवल्यधामात झालेलं, स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली काढलेल्या संस्थेत. योगाचे दावे प्रयोगशाळेत तपासून बघायचे, मग बोलायचं, ही तिथली परंपरा आणि ताईंची सवयही. चादरी-घड्या अंथरायची पद्धत मात्र त्यांनी योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांची उचलली होती. मॉडेल कॉलनीतली अय्यंगारांची संस्था 1975 पासून आहे, आणि ताई तिथेही काही वर्षं जाऊन आलेल्या. एका गुरूचंच धरून बसणाऱ्यातल्या त्या नव्हेत.

पहिल्या दिवशी मी आपली कपालभातीची कहाणी सांगितली. माझा समज होता की कौतुक होईल, निदान साडेतीनशेचं तरी.

"ते प्राणायामात येतच नाही गं," ताई म्हणाल्या. "हठप्रदीपिका हा हठयोगाचा जुना ग्रंथ, त्यात कपालभाती षट्कर्मांत आहे, सहा शुद्धिक्रियांत. धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली, कपालभाती. म्हणजे झाडलोट. तू घर झाडत झाडत चक्कर येऊन पडलीस. बीपीची गोळी चालू आहे ना? मग कपालभाती नाही, भस्त्रिका नाही, श्वास कोंडून धरणं नाही. आणि गोळी बंद करायची नाही, कुणी काही सांगितलं तरी."

"मग काय करू?"

"आडवी पड."

सोलापुरी चादरीची लांबट घडी करायची, साधारण वीतभर रुंद. ती पाठीच्या कण्याखाली, कमरेच्या जरा वरपासून डोक्यापर्यंत. डोक्याखाली आणखी एक छोटी घडी, म्हणजे कपाळ हनुवटीपेक्षा किंचित उंच राहतं. हात बाजूला, तळवे वर. छाती दोन्ही बाजूंना आपोआप उघडते, घडी केलेलं वर्तमानपत्र मधोमध धरलं की पानं दोन्हीकडे पडतात तशी. ताई घड्याळ घेऊन म्हणाल्या, आता मिनिटाला श्वास किती होतात ते मोज. काही बदलू नकोस, नुसतं मोज.

सतरा. बसल्या जागी माणूस साधारण बारा ते वीस श्वास घेतो, तेव्हा त्यात वावगं काही नव्हतं. पण गंमत अशी की मोजायला लागल्याबरोबर श्वास नाटकी होतो. फोटो काढताना चेहरा होतो ना, तसा. खरा श्वास हाती लागायला मला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत वर्गात दुसरं काहीही झालं नाही. पडायचं, मोजायचं, आणि श्वास सोडताना तो जरा लांबू द्यायचा. मी मनात हिशोब घालत होते की फी भरून, बस बदलून इथे येते ती झोपायला.

एका रविवारी ताईंनी माझा डावा हात घेऊन माझीच तीन बोटं माझ्या मनगटावर ठेवली. "नाडी बघ. श्वास घेताना काय होतं, सोडताना काय होतं." घेताना ठोके जरा घाईने येत होते. सोडताना दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत होतं, स्पष्ट. थांब-थांब-थांब असं. मी दोनदा, चारदा करून बघितलं. लांब सोडला की हृदयाला लगाम घालणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा जोर वाढतो, असं त्यांनी समजावलं. समजावणं मी विसरलेही असते, पण बोटांखाली लागलेलं ते अंतर विसरले नाही. एकवीस वर्षं दुसऱ्यांची हजेरी घेतली, आपल्याच हाताला असं काही चालतं याचा पत्ता नव्हता.

*

आता नाकाबद्दल. प्राणायामाच्या गप्पा मारणारे आत्म्यापर्यंत पोचतात, पण नाक चोंदलं तर काय करायचं ते सांगत नाहीत. माझं नाक हे माझ्या माहेरून आलेलं आहे. बारमाही सर्दी. चालायला मी कालव्याच्या कडेने जाते आणि पावसाळ्यानंतर तिथे दोन्ही बाजूंना गाजर गवत कमरेएवढं माजतं, पांढऱ्या फुलांनी भरलेलं. या गवताची भारतातली नोंद पहिल्यांदा 1950च्या दशकात आमच्या पुण्यातच झाली, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार. त्याच्या परागांनी माझं नाक सप्टेंबरपासून थंडी पडेपर्यंत गळतं किंवा बंद असतं, तिसरी अवस्था नाही.

अनुलोम-विलोम, म्हणजे एका नाकपुडीने घेऊन दुसरीने सोडायचं, ते शिकवायची वेळ आली तेव्हा मी सांगितलं, "ताई, माझी डावी नाकपुडी बंदच असते."

"कायम?"

"कायम."

"लिहून ठेव आठ दिवस. दर दोन तासांनी कुठली मोकळी, कुठली बंद."

लिहून ठेवायला सांगितलं की मी खूश. डेस्कवरच्या वहीत रकाने आखले, आठ वाजता, दहा वाजता, बारा वाजता, आणि 'डा' किंवा 'उ' लिहायला लागले. शेजारचा पेरोलवाला विचारायला लागला, मॅडम हे डावी-उजवी पाळी कुठल्या खात्याची? आठ दिवसांनी वही बघितली तर डावी सकाळी बंद, दुपारी मोकळी, चारनंतर उजवी बंद, संध्याकाळी परत फिरलेली. कायम वगैरे काही नव्हतं. नाकाच्या आतल्या भागाला आळीपाळीने सूज येते आणि उतरते, काही तासांनी बाजू पालटते, आणि हे निरोगी माणसाचंही होतं. कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरने 1895 साली याचं वर्णन केलंय. आपल्याकडे स्वर चालणं म्हणतात ते हेच: डावा चंद्र, इडा, उजवा सूर्य, पिंगळा. आजोबा बाहेर पडताना नाकाखाली बोट धरून कुठला स्वर चालू आहे ते बघायचे आणि तोच पाय आधी टाकायचे, ते आठवलं. संध्येला बसले की नाक धरायचेही, पण मुलींना ते कुणी शिकवत नसे. आम्ही लांबून बघून त्यांची नक्कल करायचो आणि मार खायचो.

जलनेतीही ताईंनीच शिकवली. अर्धा लिटर पाणी, उकळून कोमट केलेलं, नळाचं तसंच घ्यायचं नाही. त्यात चहाच्या सपाट चमचाभराहून थोडं कमी मीठ. मी पहिल्यांदा केली तेव्हा मीठ कमी घातलं, उगाच झोंबायला नको म्हणून, आणि नाकापासून टाळूपर्यंत असं झोंबलं की बेसिनवर डोकं ठेवून रडले. उलटं असतं. मीठ कमी पडलं की झोंबतं, बरोबर पडलं की पाणी गेल्याचं कळतही नाही. नंतर पुढे वाकून नाक पूर्ण कोरडं करायचं, जोरात शिंकरायचं नाही. हे मी फक्त गाजर गवताच्या मोसमात करते. रोज करणाऱ्यांना माझा नमस्कार.

बोटांचीही एक गंमत आहे. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट दुमडायचं, अंगठा उजव्या नाकपुडीला, अनामिका-करंगळी डाव्या. मी नाक असं दाबायची की टोक पांढरं पडायचं. ताई म्हणाल्या, "चिमटा कसला काढतेस, हाड संपतं तिथे मऊ जागा आहे, तिथे नुसतं टेकव." टेकवून बघितलं तर खरंच पुरतं. पाच मिनिटांनी उजवा खांदा भरून यायचा, मग कोपराखाली लोड घेतला. मोजणी साधी: घेताना चार, सोडताना आठ. मध्ये थांबणं नाही. एक, चार, दोन असं कुंभकाचं, म्हणजे श्वास कोंडून धरण्याचं, जुनं प्रमाण मला ऐकून माहीत होतं, मी एकदा विचारलंही. ताईंनी उत्तर दिलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं.

*

हे सगळं शनिवार-रविवारचं झालं. खरी अडचण होती सोमवार ते शुक्रवार.

सकाळी माझ्याकडे वेळ नाही हे मान्य करायला मला सात महिने लागले. सव्वापाचला उठायचं, दोन डबे, दूध, कंपनीची बस सात दहाला राजाराम पुलापाशी. या मधल्या वेळात बसले तर कान कुकरच्या शिट्टीकडे. पहाटे ब्राह्ममुहूर्तावर बसावं हे सांगणाऱ्यांच्या घरात डबे कोण भरतं, हा प्रश्न मी आजवर कुणाला विचारलेला नाही. विचारायचा आहे.

उपाय सासूबाईंमुळे निघाला. बस मला सव्वासहाला सोडते. घरी येऊन हातपाय धुवेपर्यंत साडेसहा. त्याच वेळी सासूबाई देवापाशी दिवा लावतात आणि स्वतःशीच शुभं करोति म्हणतात. त्यांची मालिका सातला. म्हणजे साडेसहा ते सात घरात टीव्ही बंद. जेवण साडेबाराचं, तेव्हा पोटही हलकं. फक्त चारच्या चहाबरोबरची बिस्किटं सोडावी लागली. चहा सोडला नाही. दिवेलागणीला चादर अंथरायची, आधी पाच मिनिटं आडवं, मग भिंतीला पाठ लावून दहा मिनिटं अनुलोम-विलोम, शेवटी पाच भ्रामरी. बाहेरून आवाज ऐकून पहिल्या दिवशी सासूबाई दार उघडून बघायला आल्या होत्या, भुंगा शिरला की काय म्हणून. लेकाने मोबाइलवर शोधून सांगितलं की गुणगुणत श्वास सोडला तर नाकातला नायट्रिक ऑक्साइड नुसत्या श्वासापेक्षा पंधरापट वाढतो, स्वीडनमधल्या संशोधकांनी 2002 साली मोजलंय. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी आरती म्हणते ते काय करते?"

आता तर त्याच राखण करतात. फोन आला की मला आत ऐकू येतं: "नाही, ती नाक धरून बसलीय. सातला कर."

वेळ मिळाली, जागा मिळाली, तरी जानेवारीपर्यंत परत दोनदा मोडलं. प्रत्येक वेळी तसंच: एक दिवस राहिला, मग मोडलंच आहे तर, मग सोमवार. ताईंना सांगितलं. त्यांनी योगसूत्रातलं सांगितलं, अभ्यास दृढ कधी होतो: दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने केला तर. मी म्हटलं, खंड न पडता हेच तर जमत नाही.

"तुझ्या कारखान्यात लोक खाडे करत नाहीत?"

"करतात की."

"मग नोकरी सुटते?"

नाही सुटत. एक खाडा झाला म्हणून कुणी म्हणत नाही की आता पुढच्या सोमवारपासून नव्याने नोकरीला लागतो. दुसऱ्या दिवशी येतात, मशीनला तोंड दाखवतात, कामाला लागतात. माझ्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना महिन्याला दोन खाडे मान्य आहेत, कारण न विचारता. सगळ्या जगाला मी हा नियम लावते आणि स्वतःला मात्र नाही.

एक जानेवारीला नवं कालनिर्णय भिंतीला लागलं. त्यावर सासूबाई निळ्या पेनने दुधाचा हिशोब लिहितात, त्याच चौकोनात खाली मी लाल पेनने हजेरी धरायला लागले. ह म्हणजे हजर. ल म्हणजे लेट मार्क: आठनंतर बसले किंवा दहा मिनिटांपेक्षा कमी बसले. ख म्हणजे खाडा. महिन्याला दोन सीएल, साठवता येणार नाहीत. सलग तीन खाडे झाले तर चौकोनात कारण लिहायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम, ओव्हरटाइम बंद. काल राहिलं म्हणून आज दुप्पट नाही. हे ऐकून ताई पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. म्हणाल्या, हठप्रदीपिकेत हेच आहे: सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायू, घाई केली तर तो साधकालाच मारतो. मला त्या रविवारचं कललेलं घड्याळ आठवलं.

*

वर्षभराचा हा हजेरीपट नुसता वाचला तरी घर कळतं. जानेवारी बरा आहे. दर महिन्याच्या पहिल्या पाच तारखांना 'ल' जास्त, पगाराचे दिवस. एप्रिलमध्ये सलग चार ख आणि बारीक अक्षरात 'आई मोतीबिंदू'. जूनमध्ये पालख्या आल्या तेव्हा एक ख, तो मात्र मी आनंदाने लिहिलाय. जुलैपासून नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो, नेमका साडेसहाला, आणि आमची खिडकी नदीकडे. चार मोजायला जावं तर टोल त्यांच्या हिशोबाने पडतात. पहिले आठ दिवस चिडले. मग त्या ठेक्यावरच श्वास सोडून बघितला. अजिबात जमलं नाही. ज्यांना जमत असेल त्यांचं मला कौतुक नाही, शंका आहे. मग मंदिराच्या ओवरीत जाऊन बसायला लागले, तिथे डास होते. गणपतीच्या महिन्यात चौदा खाडे आहेत. दिवाळीत फटाक्यांच्या धुरात खोल श्वास घेण्यात अर्थ नव्हता, तेव्हा खिडक्या लावून नुसती आडवी पडले आणि त्याला 'ल' दिला. यावर घरात वाद झाला. यजमानांचं म्हणणं, झोपलीस तर हजेरी कसली. मी म्हटलं, मस्टर कुणाकडे आहे?

बीपीचं विचाराल तर शेवटच्या तपासणीला 134/84 होतं. गोळी चालू आहे, मीठ कमी आहे, चालणं आहे. यात नाकाचा वाटा किती, ते डॉक्टर सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. प्राणायामाने बीपी गेलं असं मी कुणाला सांगणार नाही. झोप मात्र सुधारली, हे यजमानही मान्य करतात, कारण आता रात्री दोनला उठून मी कपाटं आवरत नाही.

आणि एक ऑक्टोबरातली गोष्ट. पगाराच्या दुसऱ्या दिवशी एक फिटर माझ्या खिडकीवर आला. खाडा चुकीचा लागला म्हणून मोठमोठ्याने बोलायला लागला, मागे सात-आठ जण उभे. एरवी अशा वेळी मीही आवाज चढवते, ही खिडकी त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्या दिवशी तोंड उघडणार इतक्यात लक्षात आलं की मी श्वास धरून ठेवलाय. पोट दगडासारखं, खांदे कानाला लागलेले. कुंभक नको म्हणून ताईंनी बजावलं होतं आणि इथे मी किती वर्षं, दिवसातून किती वेळा, खिडकीत बसून तेच करत आले होते. सोडला. आठपर्यंत पोचला नाही, पाच-सहाच झाले असतील. मग म्हटलं, थांबा, मशीनचा डाटा काढते. खाडा खरंच चुकीचा होता. सकाळी त्याने चेहरा दाखवला होता, पण मशीनने घेतला नव्हता. दुरुस्त करून दिला. तो जाताना म्हणाला, "मॅडम, तब्येत बरी आहे ना आज?"

*

31 डिसेंबरला आमची बस बंद पडली. नाशिक फाट्यावर दीड तास. घरी पोचले तेव्हा साडेआठ होऊन गेले होते, सगळे खोळंबलेले, लेकाला मित्रांकडे जायचं होतं, म्हणून आधी जेवून घेतलं. भरल्या पोटी बसायचं नाही हे कलम माझंच.

सासूबाई स्टुलावर बसून जुनं कालनिर्णय उतरवत होत्या. दरवर्षी त्याची पानं सुटी करून स्वयंपाकघरातल्या कप्प्यांत अंथरतात. मी म्हटलं, आई, थांबा, मोजायचंय. ओट्यावर पानं पसरून लाल अक्षरं मोजली. ह 247. ल 41. ख 76. एक चौकोन रिकामा. वर्षाच्या चोवीस सीएल वजा करूनही बावन्न बिनपगारी. कारखान्यात असते तर नोटीस निघाली असती.

"आजचं काय?" सासूबाईंनी विचारलं.

"खाडा."

"अगं, शेवटचा दिवस आहे. लेट मार्क तरी लिही. कोण बघतंय?"

लाल पेन सापडत नव्हतं, त्यांच्याच निळ्या पेनने ख लिहिला, 'दीड लिटर'च्या खाली. मग त्यांना स्टुलावर चढू न देता मीच नवं कालनिर्णय खिळ्याला लावलं. खिळा हलत होता, तो उद्या ठोकायला सांगायचाय.